दुर्बिणीची बैठक

३ मे १९९४, मंगळवार

मानवजातीने सरळ खाचेचा स्क्रू टाकून दिला. कुठे शोकसभा नाही, वर्तमानपत्रात काळी चौकट नाही, झेंडा अर्ध्यावर नाही. मला ही बातमी आज दुपारी पावणेतीनला हार्डवेअरच्या दुकानात कळली, तीही पाठ करून उभ्या असलेल्या बाईकडून.

"सरळ खाचेचे येत नाहीत आता. फुलीचे घ्या, चांगले बसतात."

"बाई, मला चांगले बसणारे नकोत. जुने दिसणारे हवेत."

"मग हेच न्या आणि वर्षभर अंगणात ठेवा. दिसतील जुने."

या गावात विनोद करण्याचं काम माझ्याकडे आहे. दर शुक्रवारी इथल्या वर्तमानपत्रात माझा स्तंभ येतो. तरी लोक फुकट स्पर्धा करतात.

प्रकरण असं आहे की चोपन्नाव्या वर्षी मला रायफलीची मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य या तीन गोष्टी एकदम दिसत नाहीत. एका वेळी एक दिसते, आणि तीही लाजत. राखीव सैनिकांच्या मंडळाची जुन्या रायफलींची स्पर्धा अठरा जूनला आहे. मंडळाचा प्रमुख केइयो परवा म्हणाला, "इल्मो, गेल्या वर्षी तू शेजारच्याच्या लक्ष्यावर तीन गोळ्या घातल्यास."

"चांगल्या लागल्या होत्या."

"लागल्या ना. त्याचा नंबर आला."

म्हणून या वर्षी दुर्बिणीचा गट. रायफल सासऱ्यांची, म्हणजे नेस्तोरींची. लष्कराने साठच्या दशकात जुना माल विकायला काढला तेव्हा त्यांनी घेतलेली, युद्धात शत्रूकडून हिसकावलेली. तिला दुर्बीण नाही. लावायची तर नियम कडक: बैठक, म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसते तो पोलादी तुकडा, रायफलीच्या काळाची आणि त्याच घडणीची हवी. स्क्रूसकट.

५ मे, गुरुवार

वुओक्कोला विचारलं. विचारणं भाग होतं, कारण रायफल तिची आहे. नेस्तोरी गेले तेव्हा घर भावाला मिळालं, होडी विकली, आणि हिच्या वाट्याला ही रायफल आली. परवाना हिच्या नावावर, मी फक्त जोडीदार. लहानपणी नेस्तोरी हिला गवताच्या गंजीमागे झोपवून नेम शिकवायचे म्हणे. आता वीस वर्षं हिने ती फक्त पुसली आहे. दर वसंतात काढते, तेल लावते, परत ठेवते. बापाच्या चष्म्याला लोक लावतात तसा हात लावते.

ती बटाटे सोलत होती. मी म्हणालो, "वुओक्को, रायफलीला दुर्बीण लावावी म्हणतो. बैठकीसाठी डाव्या बाजूला दोन भोकं पाडावी लागतील. लहानशी."

ती म्हणाली, "नीन."

आमच्या भाषेने जगाला दिलेला हा सर्वांत किफायतशीर शब्द. 'हो' असाही होतो, 'ऐकलं' असाही, 'बरं मग?' असाही आणि 'बोलून झालं असेल तर मीठ दे' असाही. तीस वर्षांच्या संसारानंतर मला यातला फरक स्वरावरून कळतो. हा 'हो' होता.

१४ मे, शनिवार

बैठक आली. कुओपिओ शहराजवळच्या एका माणसाकडून, होडीच्या जुन्या इंजिनाच्या बदल्यात. दुर्बीणही त्याच्याकडचीच. चाळीसच्या दशकातली, आखूड, जड. भिंगाच्या कडेला बुरशीचा एक केस आहे, पण मधून जग स्वच्छ दिसतं. सरळ खाचेचे दोन स्क्रूही त्याने दिले. देवमाणूस. इंजिन चालत नाही हे त्याला कळेपर्यंत जून उजाडेल.

केइयो म्हणाला, "भोकं तावेत्तीकडून पाडून घे."

तावेत्ती केम्पी लष्कराच्या डेपोत हत्यारं दुरुस्त करायचा. आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, तळ्यापलीकडे राहतो. एक पोलादी तुकडा दुसऱ्यावर केसभराने कुठे चुकतो, हे या जिल्ह्यात त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. अडचण एवढीच की तीन वर्षांपूर्वी मी स्तंभात एका म्हाताऱ्यावर लिहिलं होतं, जो सहकारी दुकानातला वजनकाटा तपासायला स्वतःची वजनं घेऊन जातो. नाव लिहिलं नव्हतं. पण स्वतःची वजनं घेऊन जाणारा आमच्या जिल्ह्यात एकच आहे.

"मी स्वतः पाडीन," मी म्हणालो.

केइयोने माझ्या हातांकडे पाहिलं आणि विषय हवामानाकडे नेला.

२१ मे, शनिवार

वुओक्को गायनमंडळाला गेली. संध्याकाळपर्यंत येणार नाही.

रायफल शिकंज्यात धरली, दोन्हीकडून बर्चच्या लाकडी फळ्या लावून. बैठक टेकवली, तिच्याबरोबर आलेल्या जुन्या आराखड्याप्रमाणे मापं घेतली, पुन्हा घेतली. टोच्याने टिंब मारलं. ड्रिल लावलं.

आधी कुरकुर. मग किंचाळी. मग एक बारीकसा 'टक'.

ड्रिलचं टोक मोडून आत राहिलं. नळीच्या मागे जिथे गोळी बसते त्या गाभ्यात, पोलादाच्या भिंतीत, काळा ठिपका. ठिपक्याभोवती घसरल्याचा चंद्रकोरीसारखा ओरखडा. चिमट्याने निघेना. टोचून निघेना. शिव्या देऊन पाहिल्या, तो तर जुनाच उपाय आहे.

गाभा गेला की रायफल गेली. लाकडी दस्ता बदलता येतो, नळी बदलता येते, पण हा भाग म्हणजे रायफल. क्रमांक त्याच्यावर. नेस्तोरींची बोटं त्याच्यावर.

बुटाचं काळं पॉलिश भरलं. तीन पावलांवरून दिसत नाही. कपाटात ठेवून दिली, डावी बाजू भिंतीकडे.

ती आली, म्हणाली, "कसला वास येतोय?"

"बूट चकाकवले."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी लोकरी मोज्यांत होतो.

२२ मे, रविवार

झोप नाही. चर्चला गेलो नाही, तर वुओक्कोही गेली नाही. तिने माझी कामाची खोली झाडली! तीस वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. टेबलावर पोलादाचा कीस पडलेला होता, तो सगळा गेला. काही बोलली नाही, म्हणजे तिला तो साधा कचरा वाटला असणार. या बाबतीत बायकांचं लक्ष नसतं, हे बरं.

२६ मे, गुरुवार

उद्याच्या स्तंभासाठी नगरपालिकेच्या नव्या बाकांवर लिहायला बसलो. तीन तासांत एक वाक्य: 'काही गोष्टी एकदा बिघडल्या की बिघडतात.' नगरपालिकेला एवढं दुःख झेपणार नाही. खोडलं.

दुपारी तिने रायफलीचं कपाट उघडलं तेव्हा मी धावत गेलो. ती फक्त चादरी काढत होती. चादरींचं कपाट वेगळं आहे हे मला नंतर आठवलं.

तिला सांगायला हवं. रोज सकाळी ठरवतो. रोज ती कॉफी ओतते आणि माझ्याकडे बघून थांबते, जणू काही विचारणारच आहे, आणि मी हवामानाबद्दल बोलतो. या आठवड्यात मी हवामानाबद्दल वेधशाळेपेक्षा जास्त बोललो आहे.

संध्याकाळी ती फोनवर हळू आवाजात बराच वेळ बोलत होती. मी आत गेलो तर म्हणाली, "शिवणमंडळ." नंतर वेलदोड्याच्या पावांचं पीठ मळायला घेतलं. मध्येच म्हणाली, "तावेत्ती केम्पी अजून काम करतो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"शिवणमंडळात."

बायकांच्या गप्पांतून कधीकधी नकळत उपयोगाचं काही निघतं.

२८ मे, शनिवार

गेलो. वुओक्को बाजारात होती, म्हणून रायफल गाडीत घालणं सोपं गेलं.

मी दार वाजवण्याआधीच तावेत्तीने उघडलं. वाळलेल्या माशासारखा ताठ आणि तेवढाच बोलका. टेबलावर दोन कप मांडलेले, बशीत वेलदोड्याचे पाव. वुओक्को भाजते तसेच, वरून साखरेचे जाड दाणे. सगळीकडे एकच कृती चालते वाटतं.

"या, संपादकसाहेब. बसा."

मी संपादक नाही हे त्याला ठाऊक आहे. आणि इथे पोस्टमनही मला 'तू' म्हणतो.

"तावेत्तीसाहेब, माझं एक जरासं..."

"तुकडा पूर्ण आत आहे, की टोक बाहेर दिसतंय?"

"कसला तुकडा?"

"ड्रिलचा."

पन्नास वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं, एवढंच मी समजलो.

त्याने रायफल उघडून गाभा वेगळा केला, पॉलिश खरवडलं, वास घेतला. "बुटाचं?"

"हो."

"तपकिरी घ्यायचं होतं. गंज वाटला असता."

मग भिंग. भिंतीवरच्या घड्याळाने माझ्या अपराधाचे सेकंद मोजले. शेवटी मीच म्हणालो, "गेली का?"

"तुम्ही लिहिता तेव्हा वाचक मध्ये बोलतात का?"

मी हात पाठीमागे बांधले.

त्याने गाभा चुलीच्या कडेला ठेवला, हाताला सोसेल इतका गरम होईपर्यंत. कापडाने कोरडा पुसला. खडू उगाळून पांढरा हात फिरवला. मग खिडकीशी टेकवून म्हणाला, "आता कॉफी."

कॉफी प्यायलो. दुसरा कप प्यायलो.

"आता या," तो म्हणाला.

पांढऱ्या खडूवर तेलाचं एक गोल कडं उमटलं होतं. बांगडीसारखं नितळ. पोलाद तापलं तसा कुठल्यातरी बारीक फटीतून जुन्या तेलाला घाम फुटला होता. माझा मोडका तुकडा त्या कड्याच्या आत, कडेला खेटून. आणि दोन बोटांवर, जिथे मी अजून हातही लावला नव्हता, तिथे दुसरं कडं.

"हे काय आहे?"

"भोकं."

"कोणाची?"

"ज्यांनी बनवली त्यांची. ही जन्मतःच दुर्बिणीची रायफल आहे, संपादकसाहेब. युद्धानंतर आम्ही डेपोत टेबलं मांडून बसायचो. दुर्बिणी काढायच्या, भोकांत आट्यांचं बूच पिळायचं, वरून कानस मारायची, काळं करायचं. साधी रायफल करून गोदामात. तुम्ही नेमकं बुचावर ड्रिल लावलंत. अर्ध्या मिलीमीटरने बाजूला. बूच टणक, बाजूचं पोलाद मऊ, बिट त्या सांध्यात अडकलं आणि मोडलं."

"म्हणजे तुकडा..."

"बुचात आहे. रायफलीत नाही."

मी बसलो. खुर्ची तिथे होती हे माझं नशीब.

"हे बूच तुम्हीच घातलेलं?" मला एकदम भरून आलं होतं. स्तंभाला असला शेवट मिळत नाही.

"छे. हे सेप्पोचं. किती जाड कानस मारलीय बघा. मी असं सोडलं असतं तर मला झोप आली नसती."

त्याने बुचाच्या कडेला बारीक छिन्नी तिरकी लावली आणि उलट्या दिशेने टिचक्या मारल्या. इतक्या हलक्या की अंडंसुद्धा फुटलं नसतं. विसाव्या की तिसाव्या टिचकीला बूच हललं. केसभर. मग आणखी. मग त्याने ते बोटांनी पिळून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. माझा तुकडा त्यात दातासारखा रुतलेला. भोकातले आटे काल कापल्यासारखे स्वच्छ होते, जुन्या तेलात चकाकत होते.

पंधरा वर्षांत रडलो नाही. आजही नाही. नाकाला वेलदोडा चढला.

"तावेत्तीसाहेब, तो वजनकाट्याचा लेख..."

"जपून ठेवलाय."

"खरंच?"

"होता. बाहेरच्या संडासात, खिळ्याला. आता संपला."

४ जून, शनिवार

आज बैठक बसवली. म्हणजे त्याने बसवली, मी दिवा धरला. मला वाटलं होतं दोन स्क्रू पिळले की झालं. त्याने बैठकीच्या पाठीला मेणबत्तीची काजळी धरली, गाभ्यावर दाबली, काढली. जिथे काळं उमटलं तिथे टेकते, जिथे नाही तिथे हवा. टेकतं तिथे कानस दोनदा. पुन्हा काजळी. पुन्हा कानस. सत्तावीस वेळा. अठ्ठाविसाव्या वेळी सगळी बैठक एकसारखी काळी उमटली आणि तो म्हणाला, "आता ही स्क्रूंशिवायसुद्धा पडणार नाही. पण लावू. स्क्रूंना वाईट वाटेल."

दस्त्याची डावी कड बैठकीपुरती छिन्नीने उतरवली. गोळी भरायच्या बोल्टचा दांडा तापवून खाली वाकवला, नाहीतर दुर्बिणीला अडतो. मग कडेचा ओरखडा घासून काळा केला. मी शोधला, मला सापडला नाही.

संध्याकाळी त्याने सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, तापवली. वरच्या फळीवर दोघे, अंगावर फक्त घाम. मी म्हणालो, "तावेत्तीसाहेब, तुम्ही जे केलंत..."

त्याने तापलेल्या दगडांवर पाण्याचा डोया ओतला. वाफ कानांना चावली.

"नागडा माणूस नागड्याला 'साहेब' म्हणतो हे बरं दिसत नाही," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "तावेत्ती."

"इल्मो."

"ठाऊक आहे. आता पाठीवर बर्चच्या डहाळ्यांची जुडी मार, आणि जोरात. लिहिताना मारतोस तशी."

११ जून, शनिवार

मैदानावर पहिल्या पाच गोळ्या शंभर मीटरवर. तावेत्तीने मारल्या, मी मोजल्या. पाचही कॉफीच्या बशीखाली झाकल्या गेल्या असत्या. मग मी मारल्या. माझ्यासाठी भाकरीचं ताट लागलं असतं, पण आपल्याच लक्ष्यावर.

केइयो नियमांचं पुस्तक घेऊन आला. बैठक तपासली, स्क्रू तपासले, दुर्बिणीचा क्रमांक तपासला. वीस मिनिटांनी उठला, चेहरा पडलेला.

"काहीच चूक नाही," तो म्हणाला.

"सॉरी."

स्पर्धकांची यादी फळ्यावर लावली आहे. दुर्बीण गटात 'व. हेइस्कारी'. माझ्या नावातला 'इ' सुद्धा केइयोला लिहिता येत नाही.

वुओक्को घरी नव्हती. आठवडाभर संध्याकाळी गायनमंडळाचा जादा सराव आहे. घरी येते तेव्हा उजवा खांदा चोळते. गाण्यात खांद्याचं काय काम, मला कळत नाही. पण मी संगीतातला नाही.

रायफल मात्र सगळा आठवडा तावेत्तीकडे होती. त्याला स्क्रू 'बसू द्यायचे' होते म्हणे.

१८ जून, शनिवार

नोंद नीट करतो, कारण अजून विश्वास बसत नाही.

आकाश स्वच्छ, डास आपल्या कामावर वेळेवर हजर. मी चटई अंथरली, दुर्बिणीचं भिंग पुसलं. केइयोने पुकारलं, "दुर्बीण गट, तिसरी जागा, वुओक्को हेइस्कारी."

मी हसलो. "केइयो, चष्मा लाव."

"लावलाय," तो म्हणाला, माझ्या मागे बघत.

मागे वुओक्को. नेस्तोरींचा जुना लोकरी कोट, केस मागे बांधलेले.

"सरक," ती म्हणाली.

"तू? पण आपलं ठरलं होतं ना! मी विचारलं होतं, तू हो म्हणालीस!"

"हो कधी म्हणाले? मी म्हणाले 'नीन'."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकलं."

मागे बाकावर तावेत्ती खोकला. तो खोकला नव्हता.

ती आडवी झाली. डावा कोपर टेकवला, गाल दस्त्याला लावला. गवताच्या गंजीमागे कोणी शिकवलं तसा श्वास अर्धा सोडला आणि थांबली. दहा गोळ्या. प्रत्येकीच्या मध्ये ती दांडा असा मागे घ्यायची, जणू बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारते आहे. मी लक्ष्य बघायच्या दुर्बिणीतून बघत होतो आणि पाचव्या गोळीला माझ्या लक्षात आलं की मला मत्सर वाटत नाही. छातीवरून एक दगड उतरला होता. ज्या डोळ्यांना तीन गोष्टी एकदम दिसत नाहीत, त्या डोळ्यांनी आज काही सिद्ध करायचं नव्हतं. मी नुसता बघू शकत होतो. बघण्यासारखंही होतं.

दुसरी आली. पहिला आलेला इमात्राचा माणूस तिला म्हणाला, "कोणाकडून शिकलात?" ती म्हणाली, "घरून."

परतताना गाडीत मी सगळं सांगून टाकलं. ड्रिल, तुकडा, पॉलिश, तावेत्ती. एका दमात. मग वाट पाहिली. जंगलाचे चार किलोमीटर गेले.

"नीन," ती म्हणाली.

या वेळी मी अर्थ लावला नाही.

थोड्या वेळाने तिने काच खाली केली. "वीस वर्षं बाबांची रायफल जपली आणि तिच्यात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसेल." मग हसली. खरं हसली, मे महिन्यापासून पहिल्यांदा. "बाबा म्हणायचे, ही डावीकडे जराशी जड आहे. आम्ही त्यांना वेड्यात काढायचो."

घर जवळ आल्यावर म्हणाली, "तावेत्तीने तुझ्यासाठी सौनात कोरडी बर्च जाळली ना? या वर्षी त्याच्याकडे फार उरली नाही. पाठ दुखते म्हणून फोडली नाही."

हिला कसं कळलं, देव जाणे. शिवणमंडळच असणार.

१९ जून, रविवार

तावेत्ती रविवारी दहाला चर्चला जातो आणि बारापर्यंत येत नाही. सव्वादहाला होडीने तळं ओलांडून गेलो.

सौनामागे न फोडलेल्या ओंडक्यांचा ढीग होता, ओसरीखाली फोडलेल्यांची रांग गुडघ्याएवढी. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली. आम्ही त्या सौनाच्या दिवशी दीड कवळा जाळला असेल. मी कमरेच्या उंचीपर्यंत फोडलं. साल खालच्या बाजूला करून रचलं. टोकं एका रेषेत, कारण रचणाऱ्याची रेघ वाकडी असली तर तावेत्तीला झोप येत नाही. हाताला दोन फोड आले. सालीचे बारीक तुकडे विस्तव पेटवायला लागतात, ते टोपलीत भरून दाराशी ठेवले.

पावणेबाराला कुऱ्हाड त्याच ओंडक्यात, त्याच खाचेत रुतवली. अंगण झाडलं. होडीत बसलो आणि वल्ही आवाज न करता पाण्यात घातली.